नाल्याकाठचं धरण

सोमवारी दुपारी नाल्याकाठच्या खडीवर पावसाचा एकही डाग नव्हता. खडी वरून कोरडी, पांढुरकी होती. खालची लाल माती मात्र ओलीच होती. पाऊस पहाटे थांबला होता. म्हणजे खडी त्यानंतर, मुलं शाळेत असताना टाकली होती.

"बुजवलं की गं धरण," विष्णूकाका म्हणाले. "टरक आला, वतलं, गेला. मी हात करतुय, त्यो डायवर मलाच हसून हात करतुय!"

विष्णूकाका म्हणजे शेजारच्या शैलजाचे सासरे. कराडकडचे. सहा महिन्यांसाठी इथं अमेरिकेत, अल्फारेटाला आलेले. आमच्या दोन्ही घरांमागची ही पट्टी वसाहतीच्या असोसिएशनची. माझी ज्ञानदा आणि शैलजाचा ऋषी, दोघंही दुसरीतले, बसमधून उतरले की थेट इथं नाल्यात मातीचं धरण बांधायला यायचे. इथली माती चिकट. कपड्यांवरचा डाग धुऊनही जात नाही. काका खुर्ची टाकून बसत. "आरं, बांध फुटतुय, दाब तितं!" असं ते ओरडत. पोरं इंग्रजीत उत्तर देत, पण बांध बरोबर दाबत.

शाळा सुरू झाली तेव्हा बसस्टॉपवर शैलजाच म्हणाली होती, "या वर्षी नो क्लासेस. बाकीच्या आयांना पळू दे. आपण दोघी नक्की हं, मालिनी."

मी नक्की म्हटलं आणि पाळलं. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. बोलण्यापेक्षा बघणं मला जमतं. दिवाळीच्या कार्यक्रमात बायकांनी विचारलं, "तुमची मुलं अजून मातीतच का?" मी फक्त हसले. आपण दोघी आहोत, एवढं पुरेसं वाटायचं.

म्हणून मी तिच्याच दारात गेले. काका मागून आले.

"शैलजा, असोसिएशनकडे जाऊ. आत्ताच. दोघींनी सांगितलं तर खडी काढतील."

ती ऋषीच्या बुटांचे बंद बांधत होती. बूट नवे, पांढरे होते.

"जाऊ दे ना यार. त्यांची लायबिलिटी असते. साप वगैरे निघाला तर?"

"कसला साप?"

"कॉपरहेड. आता सीझन आहे."

"मॉम टोल्ड देम देअर वॉज अ स्नेक," ऋषी बुटाकडे बघत म्हणाला. "देअर वॉज नो स्नेक."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"साप? मी रोज बसतुय की तितं! साप सोड, सापाची कातबी न्हाई दिसली. सूनबाई, तू फोन केलास व्हय?"

"बाबा, प्लीज. तुम्हाला इथलं नाही कळत."

"इथलं न्हाई कळत. खोटं बोलल्यालं कळतंय."

शैलजा माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "तो उठतच नव्हता गं. मी गाडीत हॉर्न वाजवतेय, हा चिखलात. ऑक्टोबरपासून मॅथ्सच्या क्लासला घातलंय त्याला. मागे पडतोय तो. ज्ञानदाचं काय, ती हुशारच आहे."

ऑक्टोबर. म्हणजे ऋषीला सर्दी झाली, ऋषी दमला, ऋषीची टेस्ट आहे, असं सांगून तो आला नाही ते सगळे दिवस. तेव्हा ज्ञानदा एकटीच बांध दाबत बसायची आणि मी तिला म्हणायचे, येईल तो उद्या.

"मला सांगायचंस," मी म्हणाले.

"सांगून? तू न बोलता नुसती बघत राहिली असतीस. तेच नको होतं मला." मग तिनं डोळे पुसले आणि आवाज बदलला. "आणि खेळाचं एवढं आहे ना, तर तुमच्या लॉनमध्ये का नाही खणू दिलंस? पोरांनी किती वेळा विचारलं. तू म्हणालीस, बघू."

हे मात्र खरं होतं.

मी मागच्या अंगणात आले. गुरुनाथ, माझा नवरा, पहाटेपर्यंत पाऊस पडूनही गवतावर पाणी सोडत होता. हे बर्म्युडा गवत त्यानं तीन उन्हाळे जपलंय. त्यावर तो चप्पलही घालत नाही. ज्ञानदा बादली घेऊन पायरीवर बसली होती.

"दे किल्ड अवर डॅम," ती म्हणाली. मग मराठीत, हळू, "आई, आता कुठे?"

"बघू," गुरुनाथ सवयीनं म्हणाला.

कुंपणापलीकडे शैलजानं गाडी सुरू केली. मागच्या सीटवर ऋषी होता. काच खाली होती. काका कुंपणाला टेकून उभे होते, जणू कुणाच्या तरी घरातून आताच बाहेर पडलेत आणि कुठं जायचं ते ठरलेलं नाही.

मी नळ बंद केला. पाणी थांबलं तसं सगळं ऐकू यायला लागलं, शैलजाच्या गाडीचं इंजिनसुद्धा.

"ज्ञानदा, गॅरेजमधून फावडं आण," मी म्हणाले. "कुंपणापासून झाडापर्यंतचं गवत आजच काढायचं."

"अगं मालिनी, वेडी झालीस का?" गुरुनाथ म्हणाला.

"काका, आत या. बांध कुठं घालायचा ते पोरीला दाखवा." आणि मग, त्या उघड्या काचेपर्यंत पोचेल एवढ्या आवाजात, "ऋषी, क्लास संपला की ये. धरण इथं बांधायचंय."