समोरच्या कोपऱ्यातून

"हो म्हण. बाकीचं माझ्यावर सोड."

एवढंच. फुंकरीएवढा आवाज, भिंतीतून आलेला, कानाच्या पाळीला लागून गेलेला. ओर्नेला तेव्हा विशीची होती, हातमोज्यांच्या दुकानात कामाला होती, आणि पाऊस चुकवायला मैत्रिणींबरोबर त्या मोठ्या कमानीखाली शिरली होती. मैत्रिणींनी दांडगाईनं तिचं तोंड कोपऱ्याकडे फिरवलं आणि त्या मागं उभ्या राहून लहानपणचं गाणं म्हणायला लागल्या:

भिंतीच्या पोटी गं उमललं फूल,
कुणाच्या ओठीचा शब्द, कुणाच्या कानी डूल.

गाणं संपायच्या आत तो आवाज आला. तिनं वळून पाहिलं, तर समोरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एर्मेस उभा. पाठ भिजलेली, कान लाल. दुकानासमोरच्या ओसरीची फरशी बसवायला येणारा तोच हा पोरगा. दोन-तीनदा त्यानं तिला आइस्क्रीम खाऊ घातलं होतं आणि जी चार वाक्यं बोलला ती हवामानाबद्दल. ती गर्दीतून सरळ त्याच्याकडे चालत गेली आणि म्हणाली, "हो."

आज ती हेच सांगत होती. दुकान बंद पडल्यावर परीक्षा देऊन ती गाइड झाली, तेव्हापासून इटलीतलं बोलोन्या शहर बघायला येणाऱ्या माणसांना ती हेच सांगत आली होती. आधी चौकातलं कारंजं, मग अर्धं संगमरवरी आणि अर्धं विटांचं राहिलेलं ते थोरलं चर्च, आणि मग ही कमान. एका कोपऱ्यात तोंड घालून कुजबुजलं की शब्द वर चढतो, छताला वळसा घालतो आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यात उतरतो. मधे बाजार भरलेला असला तरी. "भिंतीला कान असतात म्हणतात ना," ती म्हणायची, "आमच्याकडे भिंतीला ओठ आहेत." लोक हसायचे. मग एर्मेसची गोष्ट. लोक टाळ्या वाजवायचे, आणि जोडपी कोपरे धरायला धावायची.

आज पहिली धावली ती दूर दक्षिणेतल्या बारी शहरातून आलेली बाई. तिनं आपल्या नवऱ्याला पाठीत ढोसून समोर पाठवलं.

"जा, उभा राहा तिकडं. लग्नात बोलला नाहीस ते आता बोल."

"सगळ्यांच्या देखत?"

"भिंतीच्या देखत. भिंत कुणाला सांगत नाही."

नवरा घाम पुसत गेला, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहिला. बाईनं उन्हाची टोपी मागं सारून कान लावला. तिच्या चेहऱ्यावर आधीच हसू तयार होतं. ते हळूहळू विरलं. ती वळली.

"काय म्हणालास?"

"अजून काहीच नाही! काय बोलावं तेच सुचत नव्हतं."

"खोटं नको बोलूस, नुन्झियो. 'मी आता परत येणार नाही' म्हणालास. या माझ्या कानानं ऐकलं."

"आईशप्पथ, नाही गं! मी कुठं जाणार? गाडीची किल्ली तुझ्याकडे, पाकीट तुझ्याकडे!"

सगळ्यांनी ओर्नेलाकडे पाहिलं, जशी काही भिंत तिच्याच ओळखीची होती. ती समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेली. नुन्झियोच्या मागं, त्याच कोपऱ्यातल्या खांबाला अगदी चिकटून, एप्रन बांधलेला एक वेटर उभा होता. फोन कानाला, तोंडावर हाताचा आडोसा.

"काय झालं?" तो वैतागून म्हणाला. "मालकाशी बोलतोय मी. नोकरी सोडतोय. तुम्हाला का पंचाईत?"

हशा पिकला. नुन्झियो सगळ्यात मोठ्यानं हसला. त्याची बायको मात्र हसली नाही. ती ओर्नेलाजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, याचं घोरणं मी तीन खोल्यांपलीकडून ओळखते. आणि आत्ता तो परका माणूस मला माझा नवरा वाटला. कुजबुजीला कुणाचा आवाजच नसतो का हो?"

"नसतो," ओर्नेला म्हणाली. बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या कानावर आलं.

"तुमचं बरं झालं बाई," घोळक्यातलं कुणी म्हणालं. "तुमचा तरी तोच होता."

तिनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते, "चला, आता मनोरे."

तिथून पुढं सगळं उलटंसुलटं होत गेलं. दोन मनोऱ्यांपाशी तिनं उंच मनोऱ्याला बुटक्याचं नाव दिलं, मग दुरुस्त केलं, मग दुरुस्तीच चुकली. कालव्यावरच्या छोट्या खिडकीपाशी लोकांना नेलं. खिडकी उघडली की खाली एकदम हिरवं पाणी दिसतं, आणि लोक 'अहाहा' करतात, त्याच्यासाठीच तिथं जायचं. पण ओर्नेला फळी उघडायचीच विसरली. ती बोलत राहिली, आणि ती बिचारी सभ्य माणसं बंद खिडकीचेच फोटो काढत राहिली. शेवटी बारीच्या बाईनं हात घालून फळी ओढली.

ओर्नेला पाण्याकडे पाहत होती, पण मनात दुसरंच ढवळत होतं. एर्मेसला कुजबुजता येतच नव्हतं. पंधराव्या वर्षापासून तो फरशी घासायच्या मशीनच्या गोंगाटात. बाप तसा, काका तसा. त्या घरात जेवताना मीठ मागायचं तरी नदीच्या पल्याडून हाक मारल्यासारखं. एकदा चर्चमधे त्यानं तिला हळूच विचारलं होतं, "किती वेळ चालणार अजून?" तर पाद्र्यांनी प्रवचन थांबवून उत्तर दिलं होतं. "जेवलीस का?" हे तो असं विचारायचा, की कधीकधी समोरच्या गॅलरीतली बाईच 'जेवले' म्हणायची. असा हा माणूस त्या दिवशी फुंकरीएवढं बोलला कसा?

आणि 'बाकीचं माझ्यावर सोड' म्हणे! एर्मेसनं कधी काही स्वतःवर घेतलं होतं? घर कुठं घ्यायचं, मुलीचं नाव काय ठेवायचं, सासूला जवळ आणायचं की नाही, सगळ्याला एकच उत्तर. "तू म्हणशील तसं." ओर्नेला गमतीनं म्हणायची, माझ्या नवऱ्याच्या थडग्यावरही हेच लिहिणार आहे मी. आता त्यातली गंमत कुठं गेली ते तिला सापडेना. ज्याला ती हो म्हणाली होती तो कमानीखालून तसाच निघून गेला होता की काय? आणि ज्याच्याबरोबर ती नांदली, त्यानं तिला मागितलं तरी होतं का? की चालत आली म्हणून ठेवून घेतली?

तिनं पाहुण्यांना वेळेआधीच निरोप दिला. चेहरे नीट पाहिलेसुद्धा नाहीत. बारीच्या बाईनं तिचा हात दाबून धरला तेवढं कळलं.

एर्मेस दुपारी वस्तीतल्या क्लबात पत्ते खेळायला बसायचा. ओर्नेला तिथं सहसा जात नसे. ती दारात दिसताच लोरिसनं, त्याच्या भिडूनं, हात वर केला.

"या वहिनी, या! आज पाहुण्यांना लवकर सोडलंत? की पाहुण्यांनी तुम्हाला सोडलं?"

"काय झालं?" एर्मेसनं विचारलं, म्हणजे ओरडला. "गॅस चालू राहिला का?"

"विचारायचंय तुला काहीतरी."

"आँ?"

"विचारायचंय!"

"मग विचार की! डावीकडून बोल. उजवा कान गेलाय."

"कानातलं मशीन कुठंय?"

"घरी. इथं काय ऐकायचंय? लोरिसची थापेबाजी?"

तिला त्याला बाहेर न्यायचं होतं. पण बाहेर जाईपर्यंत आपण विचारायचं टाळू अशी भीती वाटली. ती वाकली, त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं, आणि जे आयुष्यात कुणी कधी ओरडून विचारलं नसेल ते तिनं ओरडून विचारलं.

"त्या दिवशी कमानीखाली, ते तू बोलला होतास का?"

पलीकडच्या टेबलांवरचे डावही थांबले. कॉफीच्या मशीननं तेवढा एक सुस्कारा टाकला.

"आता हे काय, वहिनी?" लोरिस म्हणाला. "अख्ख्या बोलोन्याला माहीत आहे. भिंतीतला मजनू म्हणतो आम्ही याला. त्या नावावर दर नाताळला वाइन उकळतो याच्याकडून!"

एर्मेस हातातल्या पत्त्यांकडे पाहत होता.  मग त्यानं पत्ते टेबलावर ठेवले, उताणे, सगळ्यांना दिसतील असे.

"अरे लेका!" लोरिस कळवळला. "जिंकत होतास की रे!"

दोघं बाहेर पडली. रस्त्याकडेची ओसरी लांबच लांब पुढं पसरली होती, खांबामागून खांब, आणि फरशीवर उन्हाच्या पट्ट्या. एर्मेस नेहमीसारखा खाली बघत चालत होता. फरशी पाहिल्याशिवाय त्याला चालता येत नसे. ओर्नेला त्याच्या डावीकडून. औषधाचं दुकान गेलं, चप्पलवाला गेला. बेकरीशी तो थांबला.

"मी नव्हतो," तो म्हणाला.

बेकरीवाली बाई दारात आली. त्याच्या आवाजाला कुणीही दारात यायचं.

"मग कोण होतं?"

"आँ?"

"कोण होतं मग?"

"मला काय माहीत! शनिवार होता, बाजाराचा दिवस. पावसामुळं चौकातले जनावरांचे सगळे दलाल कमानीत घुसले होते. कुणी शेतकऱ्याला पटवत असेल. डुकरं विकत असेल!"

ओर्नेलाला हसू आलं, आणि त्याचबरोबर रडूही आलं. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते तिला कळेना. कुणाच्या तरी डुकराच्या सौद्यात आपण हो म्हणून आलो.

"आणि तू तिथं काय करत होतास? भिंतीकडे तोंड करून?"

"टोपी पिळत होतो."

"टोपी!"

"भिजली होती!"

बेकरीतून दोन गिऱ्हाइकं पाव काखेत धरून बाहेर आली आणि तिथंच रेंगाळली. ओर्नेलाला त्यांची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

"आणि मी हो म्हटलं, तेव्हा तुला काय वाटलं?"

"काही कळलं नाही. पुढच्या रविवारी तुझ्या आईनं जेवायला बोलावलं. सूप वाढता वाढता म्हणाली, मग तारीख कधीची धरायची? तेव्हा कळलं."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणालो, ओर्नेला म्हणेल तशी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हे कान, हा मानेवरचा उन्हानं रापलेला पट्टा, ही सिमेंटनं कायमची खरबरीत झालेली बोटं. सगळं तिच्या सवयीचं, आणि आत्ता प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी उसनी आणल्यासारखी. तिनं आवाज चढवला, पण मधेच तो फाटला.

"म्हणजे तुला नको होतं! गळ्यात पडलं म्हणून निभावलंस. एवढंच सांग मला, एर्मेस. तुला मी हवी होते, की नुसतं नाही म्हणता आलं नाही?"

त्याला शेवटचं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, ओठ वाचल्यासारखं. मग एक हात खांबाला टेकवला. आवाज खाली आणायचा प्रयत्न केला असावा, कारण गळ्याची शीर ताठ झाली. पण तो खाली आला नाही. तो बोलला तो आपल्या नेहमीच्याच आवाजात, आणि तो ओसरीभर गेला, चप्पलवाल्यापर्यंत, औषधाच्या दुकानापर्यंत.

"तू आलीस. केस ओले, नाकावर थेंब. म्हणालीस, हो. कशाला हो, हे माझ्या जिभेवर आलं होतं, ओर्नेला. पण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, माफ करा, माझी चूक झाली, आणि परत गेली असतीस. म्हणून नाही विचारलं. आणि मग त्यानंतर कधीच काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. तू म्हणशील तसं, तू म्हणशील तसं. मला वाटायचं, एक शब्द जरी जास्त बोललो, तरी तुला कळेल, की हा दुसराच कुणीतरी आहे."