धुणंवालीची चाल

मित्रांनो, मी रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि मला जुना म्हणालात तरी राग नाही. संगीताच्या कॉलेजातल्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली माझा मुक्काम आहे. माझ्यावर धूळ किती साचली ते सांगून तुमच्याकडून हळहळ उकळायची नाही मला. मला सांगायचं आहे ते एका धुणंवालीचं, कारण तिचं सांगायला आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

कारखान्यात घडलो, लाकडी पेटीत बसलो, दुकानाच्या काचेमागे मिरवलो, हे सगळं तुम्ही समजून घ्या. कॉलेजात आलो तेव्हा माझा थाट काय विचारता. मला मऊ कापडाने पुसत, मुलांना हात लावू देत नसत. दुःख एकच होतं. गाणारे दुसरे, कौतुक त्यांचं, घरघर तेवढी माझी.

मग बाई शिकवायला आल्या. संगीतकार आणि त्यांच्या रचना हा त्यांचा विषय. पण बाई रचना नुसती ऐकवत नसत, तिची पार चिरफाड करत. चार सूर वाजले की सुई उचलायच्या आणि विचारायच्या, "हा माणूस दिवसभर चाली रचत बसायचा, तर याच्या घरी पाणी कोण भरत होतं?" मुलं आधी हसायची, मग डोकं खाजवायची आणि नंतर एकमेकांशी भांडायची. मला तो वर्ग जाम आवडायचा.

बाईंचा जीव एका तबकडीत अडकला होता. एका फार मोठ्या संगीतकाराच्या घरी धुणं धुणाऱ्या बाईने गायलेली चाल तिच्यात होती. ध्वनिमुद्रण करणारे त्या घरी आले, तेव्हा यंत्र नीट चालतं का हे बघायला त्यांनी मागच्या दारच्या या बाईला गायला लावलं. तबकडी एकच निघाली. तिच्यावर ना नाव, ना तारीख. तिची नक्कल करून ठेवावी असं सगळ्यांच्या मनात यायचं आणि राहून जायचं. तीच चाल त्या संगीतकाराच्या सगळ्यात गाजलेल्या रचनेतही आहे. पुस्तकं म्हणतात, धुणंवालीने मालकाची चाल उचलली. आमच्या बाई म्हणायच्या, झालंय ते नेमकं उलटं.

त्यांचा पुरावा एका जागेत होता. चालीच्या मधोमध धुणंवाली थांबते. कपडा दोनदा आपटायचा आणि मग पिळायचा, तेवढ्यापुरता गळा गप्प. मालकाच्या रचनेत हा थांबा नाही, तिथे चाल सरळ पुढे जाते. "चाल उचलणारी बाई त्यात कपडे पिळणं कशाला घालेल?" बाई म्हणायच्या. "ज्याला जन्मात कधी पिळावं लागलं नाही, त्यानेच ते गाळलं."

एखादी मुलगी म्हणायची, "बाई, पुन्हा लावा ना, थांबा निसटला माझा." बाई लगेच सुई तिथेच टेकवायच्या. दर वर्षी, दर वर्गाला, पुन्हा पुन्हा तिथेच. सुई बोथट झाली होती. मी खरखर करून सांगत होतो. "एवढं सत्र काढ रे बाबा," असं म्हणून बाई मला थोपटायच्या. थोपटून काय होणार, कपाळ.

शेवटी एकदाचे अभ्यासक्रम ठरवणारे लोक ऐकायला तयार झाले. त्यांना पटलं असतं, तर ती चाल यापुढे धुणंवालीची म्हणून शिकवली गेली असती. आदल्या दिवशी बाई दुपारभर तीच जागा लावून बघत बसल्या. गालातल्या गालात हसत होत्या. माझ्या सुईखाली तबकडी खरवडून निघत होती आणि मला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आणि त्यांचे दोन सहकारी येऊन बसले. तबकडी फिरली. धुणंवाली गाऊ लागली आणि ती जागा आली. सुई घसरली, थांबा ओलांडून पलीकडे पडली. चाल सरळ पुढे गेली, अगदी मालकाच्यासारखी. बाईंनी पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"बाई, ही तर हुबेहूब त्यांचीच आहे की," विभागप्रमुख हळूच म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो.

"इथे ती थांबते हो. माझ्या मुलांनी ऐकलंय, विचारा त्यांना."

"मुलं तुमचीच ना बाई. तुम्ही सांगाल ते ऐकतात."

बाईंनी माझ्या सुईला बोट लावून पाहिलं आणि मग खिडकीकडे तोंड फिरवलं. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्या भिंतीपलीकडेच वर्ग आहे. तिथे आता मालकाची रचना वाजते. नवे सर सांगतात, ही चाल इतकी गोड, की घरची धुणंवालीसुद्धा ती गुणगुणायची. तिची तबकडी आपल्याच कॉलेजात आहे, मोठ्या लोकांनी ऐकून खात्री केली आहे. मुलं लिहून घेतात.

अशा गोष्टीच्या शेवटी काळजी घ्या असं सांगायचं असतं, म्हणून सांगतो. सुई वेळेवर बदला. जे एकच आहे, ते कितीही खरं असलं तरी उठसूट वाजवून दाखवू नका. तुम्ही ऐकाल, पण धुणंवालीला त्याचा काही उपयोग नाही. तिला नाव नव्हतंच. गळा थांबवायची तेवढी एक जागा तिची होती, तीही आम्ही वापरून संपवली.