घळीतल्या साखळीची मधली मेख

मी साखळी आहे. जुनी आहे आणि जागोजागी गंजले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. मित्रांनो, ओढ्याकाठच्या वाटेने तुम्ही डोंगरातल्या घळीत शिरलात, की अर्ध्या वाटेवर दोन्हीकडचे कडे एकमेकांच्या अंगावर येतात. तिथे चालायला उरतो तो खडकात कोरलेला एक अरुंद कट्टा, जेमतेम एका पावलाचा. एका अंगाला भिंतीसारखा कडा, दुसऱ्या अंगाला खाली ओढा. त्या कड्याला, तुमच्या कमरेच्या उंचीवर, लोखंडी मेखांना अडकवून मला टांगले आहे. माझे काम एकच. लोकांना धरू द्यायचे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. लोहार कडीला कडी जोडायचा आणि त्याचा म्हातारा बाप प्रत्येक कडी पायाखाली धरून ओढून बघायचा. लेकीला मागणी घालायला आलेल्या मुलाकडे बघावे, तसा तो माझ्याकडे संशयाने बघायचा.

"काय बाबा, लोखंडावरही विश्वास नाही तुमचा?" लोहार वैतागून म्हणायचा.

"लोखंडावर आहे. तुझ्यावर नाही."

मला तेव्हा त्या म्हाताऱ्याचा राग यायचा. आता त्याची आठवण येते.

मग मला गुंडाळून घळीत आणले. खडकाला भोके पाडली, त्यांत मेखा ठोकल्या, भोवती सिमेंट भरले आणि माझी नोकरी सुरू झाली. तेव्हापासून मी माणसे हातांवरून ओळखते. तोंड काय, वाटेल ते बोलते. "मला नाही लागत आधार," असे म्हणणारा तरुण करंगळीने का होईना, मला पकडून असतो. "घाबरू नकोस, मी आहे ना," असे बायकोला सांगणाऱ्या नवऱ्याचा तळवा तिच्यापेक्षा ओला असतो. फोटोसाठी दोन्ही हात पसरणारे लोक फोटो निघाला की मला असे कवटाळतात, जशी मी त्यांची हरवलेली मावशी. पलीकडे पोचल्यावर मात्र सगळे आपापल्या बुटांचे कौतुक करतात. माझ्या मनातल्या जमाखर्चात धरणारे खूप आहेत, मागे वळून बघणारे अगदी थोडे.

त्या थोड्यांमध्ये वाटेचा राखणदार होता. दर मोसमाच्या सुरुवातीला तो हातोडी घेऊन यायचा आणि एकेका मेखेवर टोला मारायचा. घट्ट मेख खणखणीत बोलते, सैल मेख बसक्या आवाजात. आवाज बसका आला की तो ती उपटून नवी ठोकायचा. पुढे पुढे त्याचे गुडघे बोलू लागले. मग तो दोन्ही टोकांच्या मेखा ठोकून बघायचा आणि मधल्यांना लांबूनच म्हणायचा, "तुम्ही ठीकच असणार." तो निवृत्त झाला. त्याच्या जागी माणूस आला नाही, रंगाचा डबा आला.

मला पिवळाधमक रंग लागला. मेखांनाही लागला. मला कितीतरी वर्षांनी नवे कपडे मिळाल्यासारखे वाटले. पण मित्रांनो, मधल्या मेखेमागे कड्यातून पाणी झिरपते. आमच्या घळीतल्या कडाक्याच्या थंडीत ते गोठायचे, फुगायचे आणि वितळताना सिमेंटचा थोडा थोडा भुगा घेऊन जायचे. ती मेख आता सुजलेल्या हिरडीतल्या दातासारखी हलत होती, आणि वरून रंग असा की कुणाला पत्ता लागू नये. लोक म्हणायचे, "वा, नवीन बसवलेली दिसतेय." आणि पूर्वीपेक्षा बिनधास्त रेलायचे. मला ओरडून सांगावेसे वाटायचे. साखळीला आवाज असतो, पण तो कुणी ओढल्याशिवाय निघत नाही, आणि निघाला तरी कुणी अर्थ विचारत नाही.

अशा दिवसांत ती तिघे आली. एक सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सून. सासूबाईंचे नुकतेच ऑपरेशन झाले होते. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितले होते, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या जिन्यापलीकडे गेल्या नसत्या. त्यांना घराबाहेर काढले ते शेजारणीने. घळीच्या टोकाला एक डोह आहे. शेजारीण तिथे जाऊन आली होती आणि आपला डोहाकाठचा फोटो जो भेटेल त्याला दाखवत होती. सासूबाईंना तसाच फोटो हवा होता, आणि डोह शेजारणीच्या फोटोतल्यापेक्षा मोठा दिसायला हवा होता.

मुलगा शाळेच्या बसवर ड्रायव्हर. रोज पोरांना उतरवायचे, जोडीजोडीने हात धरायला लावायचे आणि रस्ता ओलांडून द्यायचा, हा त्याचा धर्म. कुणाला एकटे सोडायचे नाही. सून शिवणकाम करायची. ती कमी बोलायची. अर्थात सासूबाईंच्या शेजारी चालताना कुणालाही बोलायला फारशी जागा मिळत नसेच.

जाताना ओढ्याला पाणी घोट्याएवढेही नव्हते. तिघे माझ्याकडे न येता खालच्या दगडांवरून गेली. सासूबाईंनी वर मान करून मला पाहिले आणि म्हणाल्या, "साखळी गुरांना असते. मी काय पळून चाललेय?"

मला राग आला नाही. उलट, सुटले असे वाटले.

ती तिघे परत येईपर्यंत घळीत ऊन होते. पण वर, ओढा जिथून निघतो तिथे, शिखरांवर काळे ढग बसलेले होते. आधी पाण्याचा आवाज बदलला. मग पाणी गढूळ झाले. मग त्यावरून पाने आणि काटक्या घाईघाईने जाऊ लागल्या. तिघे वळणावरून आली, तेव्हा जाताना ज्या दगडांवरून ती गेली होती, त्यांतला एकही दिसत नव्हता. मागे डोहाकडे जावे, तर तिथे उभे राहायला उंच जागा नाही. पुढे मी. माझ्या कट्ट्याखाली पाणी अजून गुडघाभर खाली होते, आणि चढत होते.

"आई, हात दे," मुलगा म्हणाला. "दोघं मिळून जाऊ. घाबरायचं नाही. तू पण ये गं मागोमाग, माझी पिशवी धर."

"मी घाबरलेली नाही," सासूबाई म्हणाल्या. "तूच माझा हात पिळतोयस."

खरे तर दोघांनीही एकमेकांची बोटे पांढरी होईपर्यंत आवळली होती. माझ्यापासून काही लपत नाही. तो पुढे, त्याच्या हातात मागे आईचा हात, आणि दोघांचे मोकळे हात माझ्यावर. पहिल्या मेखा त्यांनी सहज पार केल्या. मग ती दोघे मधल्या मेखेजवळ आली आणि दोघांचा भार एकदम तिच्यावर पडला. मला कळले. आत, रंगाच्या खाली, काहीतरी सरकले. मेखेच्या मुळाशी पिवळा रंग तडकला आणि चिमूटभर भुगा खाली पाण्यात पडला. माणसांनी मला घट्ट धरावे, म्हणून माझा जन्म. त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, मला सोडा.

सून अजून कट्ट्यावर चढली नव्हती. तिची नजर त्या मेखेवर गेली. दिवसभर शिवणीकडे बघणारे डोळे ते. कापड दोन्हीकडून ताणले की कुठला टाका आधी जाणार, हे तिला कळायचे.

"थांबा," ती म्हणाली. "अहो, आईंचा हात सोडा."

तो थबकला. "काय?"

"सोडा त्यांना. दोघांचा भार देऊ नका. ती मेख उसवतेय."

सासूबाईंनी मान वळवली. "ऐकलंस? खाली पाणी, वर कडा, आणि तुझी बायको म्हणतेय आईला सोड. घरी म्हणाली असती तर निदान चहा तरी पिऊन गेले असते."

"घरी गेल्यावर हवं तेवढं बोला, आई. आत्ता सोडा."

"वेड लागलंय का तुला?" मुलगा ओरडला. "आई एकटी कशी येईल?" आणि त्याने आईचा हात आणखी घट्ट आवळला. मेख आणखी केसभर बाहेर आली. माया कधीकधी अशीच वजनाने जड असते.

सासूबाई सुनेकडे बघत होत्या. मेखेकडे नाही, तिच्या तोंडाकडे. मग त्यांनी मुलाच्या मुठीतून आपली बोटे एकेक करून सोडवली.

"पुढे हो रे," त्या म्हणाल्या. "ही खोटं बोलते तेव्हा हिचे कान लाल होतात. कागदासारखी पांढरी पडलेली मी आजच बघतेय."

तो गेला. दर पावलाला मागे बघत, पण गेला. सासूबाई तोवर मागच्या घट्ट मेखेपाशी सरकून कड्याला चिकटून उभ्या राहिल्या. पाणी आता कट्ट्याच्या वीतभर खाली होते.

"आता तुम्ही," सून म्हणाली. "मधे साखळी धरायची नाही. खांद्याजवळ खडकात भेग आहे, तिच्यात बोटं घाला. डावा पाय पुढे. तिथे खळगा आहे."

"कुठे आहे खळगा? मला दिसत नाही."

"मला दिसतोय ना. टाका पाय."

सासूबाईंनी पाय टाकला. खळगा होता. मधल्या मेखेशी त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला, मला नुसता शिवला आणि मागे गेला. त्या सगळा वेळ पुटपुटत होत्या, शेजारणीला, डॉक्टरांना, घळ कोरणाऱ्या ओढ्याला, ज्याला त्याला बोल लावत. मुलाने पलीकडे त्यांना जवळजवळ उचलूनच घेतले.

सून निघाली तेव्हा पाणी कट्ट्यावर आले होते. पातळच, पण वेगाने. तिला खळगा दाखवायला कुणी नव्हते आणि पाण्याखाली तो दिसतही नव्हता. भेगेत बोटे घालून ती मधल्या मेखेपर्यंत आली. तिथे तिचा बूट सटकला. पडणारा माणूस विचार करत नाही, मित्रांनो. तिने मला धरले.

मेख निघाली. एवढी वर्षे खडकात बसलेली मेख, लोण्यातून केस निघावा तशी बाहेर आली. मी झोल खाऊन खाली गेले आणि माझ्याबरोबर ती. ती कट्ट्यावर आडवी आदळली, एक पाय मांडीपर्यंत पाण्यात. सगळा भार दोन्ही बाजूंच्या मेखांवर आला. मी ताणले गेले, कडीन् कडी बोलली. म्हाताऱ्याने ओढून बघितलेली प्रत्येक कडी मला त्या वेळी वेगवेगळी जाणवली.

मुलगा कट्ट्यावर उतरायला धावला. सासूबाईंनी मागून त्याची कॉलर धरली.

"जायचं नाही."

"आई, ती पडलीय!"

"दिसतंय मला. तू गेलास तर दोघं पडाल. ती साखळी एकटीला धरून आहे, धरू दे." तो हिसडे देत होता, पण कॉलर सुटली नाही. मग त्या सुनेला म्हणाल्या, "उठ गं. गुडघा आधी वर घे. घाई करू नकोस. डावीकडे तो खळगा आहे, मी आत्ताच पाय ठेवून आलेय. अजून थोडा पुढे. हां, तोच."

सून उठली. दोन्ही हातांनी मला धरून, कड्याला अंग घासत, ती एकेक पाऊल सरकली. मी जिवाच्या आकांताने ताणून राहिले. दोन माणसे असती, तर मी तुटले असते. एक होती, म्हणून पुरले.

पलीकडे पोचल्यावर ती मटकन खाली बसली. सासूबाई तिच्यासमोर बसल्या आणि तिच्या बुटाच्या नाड्या सोडू लागल्या. बुटातले पाणी ओतून झाले, मोजे पिळून झाले, मग म्हणाल्या, "माझ्या सुनेने मला भर ओढ्यात सोडायला लावलं, हे मी अख्ख्या गल्लीला सांगणार आहे."

"सांगा," सून म्हणाली. तिचे दात वाजत होते.

"मग पुढचंही सांगेन."

त्या दिवशी वाटेच्या तोंडाशी असलेल्या चौकीत काय झाले, ते मला नंतर डागडुजीला आलेल्या माणसांच्या गप्पांतून कळले. चौकीवाला म्हणाला होता, "बाई, रंग तर आत्ताच दिलाय." सासूबाईंनी त्याच्या खुर्चीत बसकण मारली होती आणि वाट बंद होऊन तिच्या फाटकाला कुलूप लागेपर्यंत त्या उठल्या नव्हत्या. खुर्ची गेल्यावर माणसाला बऱ्याच गोष्टी पटतात.

पाणी ओसरल्यावर माणसे आली. माझा रंग खरवडला, सगळ्या मेखा तपासल्या, झिरपणाऱ्या जागेपासून दूर नवे भोक पाडले. आता मी पुन्हा कड्यावर आहे, गंजासकट, सगळ्यांना दिसेल अशी.

मित्रांनो, मला धरण्याआधी खुशाल ओढून बघा. संशय घेतल्याचा मला राग येत नाही. कुठे काही हलताना दिसले, तर पुढे जाऊन विसरू नका, चौकीत सांगा, आणि ऐकेपर्यंत सांगा. आणि कट्ट्यावर एकेकटे या. मागचा माणूस हात धरायला धावेल, काळजीने कासावीस होईल, तुम्हालाही त्याचा हात हवासा वाटेल. त्याला अलीकडेच थांबायला सांगा. थांबणे फार कठीण असते. मी त्या बाईंच्या मुठीत कॉलर बघितली आहे, म्हणून सांगते. पण तुम्ही पलीकडे पोचावे असे ज्याला खरोखर वाटते, तो थांबेल.