घरगाडीतल्या मोटरची घरघर

मित्रांनो, जुनी म्हणा, गंजकी म्हणा, पण मला डबडे म्हणू नका. मी मोटर आहे. चाकांवरच्या घरगाडीत ओट्याखाली गॅसवर चालणारी एक लहानशी भट्टी असते. तिची ऊब पंख्याने घरभर पोचवायची, हे माझे काम. ज्योत नुसती मिरवते, राबते मी. मी फिरले नाही तर ती पेटतसुद्धा नाही, हेही सांगून ठेवते.

कारखान्यात माझ्या अंगावर तांब्याच्या तारेचे वेढे चढवले, आसावर पिंजऱ्यासारखा गोल पंखा बसवला आणि वेंडेल व आर्डिस या नवराबायकोच्या गाडीत माझी रवानगी झाली. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली, तिने त्याच शाळेत मुलांना जेवायला वाढले. मूलबाळ नव्हते. म्हातारपणी दोघांनी राहते घर विकून ही गाडी घेतली आणि जिथे हंगामी काम मिळेल तिथे ती नेऊन उभी करू लागले.

सकाळी आर्डिस अंथरुणातूनच म्हणायची, "वेंडेल, बटण दाब. म्हातारीला उठव."

म्हातारी म्हणजे मी. मी एका दमात उठायचे. खिडकीवरचे बर्फ पाघळायचे आणि वेंडेल म्हणायचा, "ही आहे म्हणून आपण आहोत." असे शब्द कानी पडले की कामाचा शीण वाटत नसे. खोटे कशाला बोलू, मला त्याचा गर्वही होता.

उन्हाळ्यात गाडी आर्डिसच्या बहिणीच्या गोठ्यात उभी असे. आत उंदीर शिरू नयेत म्हणून आर्डिस कोपऱ्याकोपऱ्यांत सुवासिक फडकी खोचायची. कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात ना, ती कागदासारखी पातळ फडकी. घरगाडीत राहणाऱ्या सगळ्याच बायका असे करतात. निघताना ती एकूण एक काढायची. त्या वर्षी माझ्या शेजारचे एक राहिले.

पहिल्या थंडीला बटण दाबले, मी वारा ओढला आणि ते फडके थेट माझ्या पंख्यात येऊन अडकले. पंखा एका अंगाला जड झाला. मी डुगडुगू लागले. डुगडुगून डुगडुगून माझे बेअरिंग झिजले आणि माझ्या गळ्यातून घरघर निघू लागली. ती भिंतीच्या जाळीतून बाहेरही ऐकू जाई.

त्या वेळी आम्ही उत्तरेकडे, रेड नदीच्या थंड खोऱ्यात, ज्याची साखर करतात त्या बीटच्या काढणीला आलो होतो. ढीग रचणाऱ्या अवाढव्य यंत्रापाशी आर्डिस दिवसपाळी करी. वेंडेल घरात बसे. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने त्याला जवळजवळ नेलेच होते, आणि थंडी बाधली तर पुन्हा वाचवता येणार नाही, असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले होते. म्हणजे दिवसभर त्याचा जीव माझ्या हवाली.

"बेअरिंग कोरडं पडलंय," असे म्हणत तो जाळीतून नळीने तेल सोडायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"अरे, उघडून बघ ना," आर्डिस म्हणायची. "चार तर स्क्रू आहेत."

"त्यासाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं. आडवा झालो की दम लागतो."

"मग बोलाव कुणाला तरी."

"लोक राबून येतात गं. त्यांना कुठं त्रास द्यायचा?"

"तुझं हे 'कुठं त्रास द्यायचा' थडग्यावर कोरून घे."

शेजारच्या गाडीत अलाबामाहून आलेला क्लेटन राहायचा. तो रातपाळी करून दिवसा झोपायचा. एके सकाळी कामावरून येताना तो खिडकीशी थांबला. "काय वेंडेल, घरात डुक्कर पाळलंय का? बघावं तेव्हा घोरतंय नुसतं."

वेंडेल हसला. क्लेटन आपल्या गाडीत गेला. मग वेंडेलने क्लेटनच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिले, आणि उठून बटण बंद केले.

भीड भिकेची बहीण म्हणतात. ती मरणाचीही बहीण असते, हे मी त्या दिवसांत पाहिले. क्लेटनच्या झोपेसाठी वेंडेल रोज सकाळी मला गप्प करी. अंगात कोट, डोक्याला टोपी, वर दोन गोधड्या, आणि हातात कॉफी. कॉफी निवली की तो पेला उगाच दोन्ही हातांत धरून बसे. संध्याकाळी आर्डिस यायच्या आधी मला सुरू करी.

"खोकला वाढला का रे?"

"ठसका लागला."

"आणि घरात टोपी कशाला?"

"केस गेले, निदान टोपी तरी दिसू दे."

ती हसे. मी जीव तोडून ओरडे, बाई गं, हा दिवसभर गारठतोय. पण माझ्या तोंडून निघे ती घरघरच. "ही म्हातारी आता भंगारात काढायला झाली," आर्डिस म्हणे.

मग एका रात्री कडक थंडी पडली. बीट गोठले की काढणी थांबवतात. आर्डिस भर दुपारी घरी परतली आणि दार उघडताच तिला गार हवा लागली. वेंडेल बाकावर वाकडा होऊन बसला होता. ओठ निळे. तिने शेजारी जाऊन क्लेटनला गदागदा हलवून उठवले, तसा तो अनवाणी धावत आला.

"भट्टी का बंद केलीत?"

"तुझी झोप," वेंडेल कसाबसा म्हणाला.

"माझी झोप? अहो, मी कानात बोळे घालून झोपतो. दारात तोफ उडाली तरी उठायचा नाही. मी गंमत केली होती हो."

वेंडेलने मान हलवली. त्याला ते कळले की नाही, मला ठाऊक नाही. रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मला उघडायला क्लेटन जमिनीवर पालथा झाला. चार स्क्रू काढायला किती वेळ लागतो? त्याने पंख्यातून फडक्याच्या चिंध्या ओढल्या आणि विचारले, "हे कुठून आलं?"

आर्डिसने एक चिंधी नाकाशी नेली. वास अजून होता. "माझंच आहे," ती म्हणाली, आणि खाली बसली.

बेअरिंग कामातून गेले होते. क्लेटनने माझ्या जागी नवी मोटर घातली आणि मला तिथेच कोपऱ्यात ठेवले. वेंडेल येईल तेव्हा घर ऊबदार हवे म्हणून आर्डिसने ती दिवसरात्र चालू ठेवली. नवी मोटर फार गुणाची, श्वासाइतकाही आवाज नाही. वेंडेल इस्पितळातून आलाच नाही. त्या शांत, ऊबदार घरात आर्डिस एकटी बसली, आणि ती शांतता तिला सोसवली नाही. तिने गाडी विकली. त्या गडबडीत मला कुणी फेकले, ते मला नीट आठवत नाही. आता भंगाराच्या ढिगात आहे. माझे तांबे काढून घेतले की माझे म्हणून काही उरणार नाही.

मित्रांनो, यंत्र कुरकुरले तर त्याला शिव्या देऊ नका आणि वरवर तेलही ओतू नका. उघडून आत बघा. आणि शेजाऱ्याला आपला त्रास होतो का, हे मनाशी ठरवून बसू नका. जाऊन विचारा. वेंडेलने क्लेटनला विचारले नाही, आर्डिसला सांगितले नाही. मला बोलता येत नव्हते. त्याला येत होते.