तळघरातला पियानो

क्लॅरेन्स व्हिटफील्ड गेल्याचा मेसेज आला तेव्हा आसावरी लॅबमध्ये होती. ती तशीच बाहेर पडली आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. रडू आलंच नाही. आधी आठवला तो वेस्ट विंडसरचा कार्यक्रम, आणि तिचे कान गरम झाले.

आठ वर्षांपूर्वी ती नागपूरहून पीएचडीसाठी न्यू जर्सीला आली. हात हार्मोनियमवर तयार झालेला, पण इथे तिला पियानोचं वेड लागलं. व्हिटफील्ड ट्रेंटनच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका चर्चच्या तळघरात दर शनिवारी सकाळी तरुण मुलांना जॅझ शिकवायचे. जन्मभर शाळेची बस चालवली आणि सॅक्सोफोन वाजवला, असा माणूस. पहिल्या दिवशी आसावरीने तिथल्या पियानोवर पाठ केलेलं सगळं बिनचूक वाजवून दाखवलं.

"छान," ते म्हणाले. "आता तुझं स्वतःचं वाजव."

"चुकेन मी," ती म्हणाली.

"मग चूक. पण मोठ्यांदा चूक, म्हणजे मला ऐकू येईल."

ती चुकत गेली, ते ऐकत गेले. स्टेशनवर तिला घ्यायलाही तेच यायचे. अशी पाच वर्षं गेली.

मग वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळाने तिला वाजवायला बोलावलं. व्हिटफील्ड तिला स्वतः गाडीने घेऊन आले आणि निळा सूट घालून तिसऱ्या रांगेत बसले. स्टेजवर जाण्याआधी निवेदन करणाऱ्या नीलांबरीकाकू तिला हळूच म्हणाल्या होत्या, "ट्रेंटनला जातेस? एकटी? त्या लोकांत?" वाजवून झाल्यावर त्यांनीच माईक पुढे केला. "अगं, हे जॅझ शिकलीस कुठे? तुझे गुरू कोण?"

"कोणी नाही, काकू. यूट्यूबवर बघून बघूनच शिकले."

टाळ्या पडल्या. व्हिटफील्डही टाळ्या वाजवत होते.

परतताना गाडीत ते म्हणाले, "त्या बाई 'गुरू' म्हणाल्या ना? तो शब्द तूच मला शिकवलास. तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अजून शिकतेय."

"खरंय," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांनी नेहमीसारखंच शिकवलं. तिलाच त्यांच्याकडे बघवेना. थीसिस, मग नोकरी, असं काही ना काही सांगून तिने जाणं बंद केलं. त्यांचे दोन व्हॉइसमेल आले. तिने उलट फोन केला नाही.

शोकसभा त्याच तळघरात होती. एकेक जुना विद्यार्थी उठून आठवण सांगत होता. आसावरीने 'मोठ्यांदा चूक'ची गोष्ट सांगितली, लोक हसले, ती खाली बसली. बसताक्षणी तिला स्वतःची किळस आली.

कॉफीच्या टेबलापाशी तिने व्हिटफील्डांच्या मुलीला, डेनीसला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"बाबांना माहीत होतं," डेनीस म्हणाली. "शेजारी बसलेल्या एका छोट्या मुलीने त्यांना तुझं उत्तर इंग्लिशमध्ये सांगितलं होतं."

"म्हणजे गाडीत विचारलं तेव्हा..."

"माहीत होतं."

"रागावले होते?"

"नाही. म्हणाले, तिला तिच्या माणसांत राहायचंय, असू दे. पण त्या संध्याकाळी जेवले नाहीत."

डेनीसने चार शब्द सुनावावेत असं आसावरीला फार वाटलं. डेनीस कप भरत राहिली.

आसावरी परत माईकपाशी गेली. "मघाशी मी अर्धंच सांगितलं," ती म्हणाली, आणि वेस्ट विंडसरचा कार्यक्रम, गाडीतलं खोटं, व्हॉइसमेल, सगळं सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी 'जाऊ दे' म्हटलं नाही. पुढच्या रांगेतले एक म्हातारे ड्रमर खाली बघत बसले. मग पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

ती थांबली. सगळे गेल्यावर डेनीसबरोबर खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या. जाताना डेनीस म्हणाली, "शनिवारी शिकायला मुलं येतील. बाबा गेल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही अजून."

"मी येते," आसावरी म्हणाली.

"बघू," डेनीस म्हणाली आणि दिवे बंद केले.