नळी चेपायला लागणारा जोर

बसच्या पुढच्या भागात, चालकाच्या पायांपुढे, धडकेचा जोर झेलायला बसवायच्या पत्र्याच्या नळीची ती संगणकावर चाचणी घेत होती. नळीला वरून दाबणारी पाटी किती खाली सरकायची, ते तिने ठरवून दिलं होतं आणि त्याप्रमाणे नळी घड्या पडत चेपतही होती. त्याला जोर किती लागला, हे मात्र आलेखात शून्यच दिसायचं. आठवडाभर हेच चाललं होतं. तिचे डोळे चुरचुरत होते, डोकं चालेनासं झालं होतं.

शेवटी शेजारच्या टेबलावरचे सर खुर्ची ओढून आले. "जोर कुठे मोजतेयस?"

"संगणकातल्या नळीच्या मधल्या बिंदूंवर."

"ते तर मोकळे आहेत गं. आपण जिथे धरून ठेवलंय किंवा ढकलतोय, तिथेच प्रतिक्रिया, म्हणजे उलटा जोर, मिळणार. तळ धरून ठेवलाय, तिथले सगळे बिंदू घे आणि त्यांच्या जोरांची बेरीज कर."

तिने बेरीज केली. आलेखात आधी उंच टोक उमटलं, मग घडीगणिक चढउतार. पाटीवरचा जोरही तेवढाच निघाला, फक्त उलट दिशेने. म्हणजे आकडा खरा होता, पण जेवढा जोर नळीने झेलायला हवा होता, त्याच्या जेमतेम निम्मा.

"पत्रा जाड करावा लागेल. सगळं पहिल्यापासून," सर म्हणाले. "साहेब तोंड वाकडं करतील."

"करू देत."

तिचा धाकटा भाऊ अशीच बस चालवत होता. तरी क्षणभर तिला वाटून गेलं, शून्यच बरं होतं, निदान नळी कमी पडते हे कळलं नसतं. मग तिने पत्र्याची जाडी बदलली, गणित पुन्हा सुरू केलं आणि टेबलावर डोकं टेकलं.