कापडाची कात्री

"तुम्ही माझ्या नवऱ्याचा संताप काढून घेतलात!" शिंपीणबाईंनी डॉक्टरांच्या टेबलावर पिशवी आपटली. "तो परत द्या."

डॉक्टर हसले. "मावशी, अर्धांगाच्या झटक्यानंतर एवढे शांत झालेत, नशीब समजा. लोकांची माणसं भांडी फेकतात."

"शांत माणूस मागितला होता कुणी?"

शेजारच्या खुर्चीत शिंपीमामा लुळा उजवा हात मांडीवर ठेवून गोड हसत होते. झटक्यापासून तोंडातून शब्द नाही.

घरी येईपर्यंत बाई धुसफुसत होत्या. संताप कशाला म्हणतात ते याला काय कळणार, डोंबलाचा डॉक्टर! कॉलर वाकडी बसली की मामा म्हणायचे, "संताप आहे नुसता!" गिऱ्हाइकाला कपडे आजच हवे असले तरी तेच. एकदा बाई बहिणीकडे दोन दिवस जास्त राहिल्या. परतल्या तेव्हा "संताप आहे नुसता" म्हणतच मामांनी दार उघडलं. आत दोघांचा चहा उकळत होता.

जन्मभर त्या वाक्याला विटलेल्या बाई आता दिवसभर त्याच्याच वाटेकडे कान लावून असायच्या.

त्यांनी खण ओढला. फडक्यात गुंडाळलेली कापडाची कात्री काढली. तिने कागद कापायचा नाही, धार मरते, हा घरातला कायदा. नणंदेने एकदा पतंगाचा कागद कापला, तर मामांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

बाई त्यांच्यासमोर बसून रद्दी कापू लागल्या. करकर, करकर.

मामा हसले.

"हसताय काय? कागद कापतेय मी, कागद!"

दुसरं पान. तिसरं. पुढचं पान त्यांना नीट दिसेना.

मामांनी डावा हात पुढे केला. कात्री काढून घेतली, पाती सदऱ्याला पुसली आणि मशीनवरच्या चिंधीकडे मान वळवली. बाईंनी सवयीने चिंधी दोन्ही हातांनी ताणून धरली.

उजव्या हाताची कात्री ती. डाव्यात धरल्यावर कापड पात्यांमध्ये नुसतंच दुमडलं. पुन्हा दुमडलं.

मामांचं हसू विरलं. दोन भुवयांमध्ये ती जुनी आठी उमटली. ओठ घट्ट मिटले, मग थरथरत सुटले.

बाईंनी चिंधी सोडली नाही.

"हं, बोला," त्या पुढे झुकल्या. "काय आहे नुसता?"